तलावावरील रानबदकांची छायाचित्रे: काठ निवडण्यापासून अंतिम फाइलपर्यंत

नागपूर परिसरात दर हिवाळ्यात रानबदकांचे असंख्य फोटो काढले जातात आणि त्यांतल्या बहुतेकांमध्ये ठरावीक दोष दिसतात. पक्षी वरून पाहिलेला असतो, त्याची पांढरी छाती जळालेली (जास्त उजेडाने बारकावे पुसले गेलेली) असते, डोळा काळ्या डोक्यात हरवलेला असतो आणि शेपूट कॅमेऱ्याकडे असते. लेन्स लहान पडली, असे कारण सहसा सांगितले जाते. प्रत्यक्षात चूक क्रमाची असते. आधी बदके दिसतात, मग त्यांच्या दिशेने चालणे होते, मग ऊन कुठे आहे ते लक्षात येते आणि बदके उडता उडता कॅमेऱ्याची मांडणी बदलली जाते. पुढील टप्पे याच्या उलट क्रमाने लावले आहेत आणि ते त्याच क्रमाने पाळावेत, कारण प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा आहे.

## टप्पा १: महिना आणि तलाव ठरवणे

स्थलांतरित बदके ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून विदर्भातल्या तलावांवर उतरू लागतात. परंतु आल्या आल्या त्यांचे फोटो काढण्याची घाई करू नये. सुरुवातीला आलेले बरेचसे नर मादीसारख्या मळकट पिसाऱ्यात असतात. तलवार बदक आणि चक्रांग यांचे नर साधारण डिसेंबरपर्यंत पूर्ण रंगात येतात, तर थापट्या आणि भुवई बदक यांना त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून नराच्या पूर्ण रंगासाठी डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ धरावा.

सरावासाठी बारमाही बदके पुरेशी आहेत. हळदी-कुंकू बदक मोठे आहे, त्याच्या नर-मादीच्या रंगात फारसा फरक नसतो आणि त्याचा पिसारा मध्यम तपकिरी असल्यामुळे एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) सांभाळणे सोपे जाते. चोचीच्या मुळाशी असलेले लाल ठिपके आणि टोकाचा पिवळा रंग स्वच्छ दिसला, तर फोकस व उजेड दोन्ही जमले असे समजावे. अडई, काणूक आणि नकटा हेही याच प्रदेशात राहणारे आहेत. मात्र काणूक फार लहान असल्याने त्याला पहिल्या सरावात हात घालू नये.

अंबाझरी किंवा फुटाळ्यासारख्या शहरातल्या तलावांवर माणसांची ये-जा सतत असते. तेथे हाताला सवय लावून घ्यावी आणि हिवाळी पाहुण्यांसाठी पारडगाव, सायकी, झिल्पी यांसारख्या शहराबाहेरच्या तलावांकडे वळावे. गोरेवाड्यासारख्या वनविभागाच्या ताब्यातल्या जागी प्रवेशाचे नियम आधी विचारून घ्यावेत. शहरातल्या काही तलावांच्या आसपास संरक्षण खात्याच्या जागा आहेत. त्यांच्या कुंपणाच्या दिशेने लांब लेन्स रोखू नये. ड्रोनचा विचारच सोडून द्यावा, कारण सोनेगाव तलाव तर विमानतळाला लागूनच आहे आणि इतरत्रही ड्रोनने थवा उठण्यापलीकडे काही साधत नाही.

तपासणी: तलाव आदल्या संध्याकाळी पाहिल्याशिवाय सकाळी जाऊ नये. रब्बीसाठी पाणी सोडले जाते, तसतसा काठ मागे सरकतो. नोव्हेंबरात जेथे पाणी होते, तेथे फेब्रुवारीत चिखलाचा रुंद पट्टा असतो आणि मागच्या वेळची जागा निरुपयोगी ठरते.

## टप्पा २: आदल्या रात्रीची तयारी

साहित्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ४०० ते ६०० मिलिमीटरपर्यंत पोहोचणारी कोणतीही झूम लेन्स चालते. ३०० मिलिमीटरवरही चांगले काम होते, फक्त जागा अधिक काळजीने निवडावी लागते. पोलरायझर फिल्टर घरी ठेवावा. पाण्यावरची चमक काढण्याचा त्याचा सर्वाधिक परिणाम पाण्याकडे सुमारे ३७ अंशांनी खाली पाहताना होतो. आपण जवळजवळ पाण्याच्या पातळीवरून पाहणार असल्यामुळे तो विशेष काही करत नाही आणि एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा होणे) उजेड मात्र खातो.

लेन्सखाली ठेवायला बीनबॅग लागते. कापडी पिशवीत तांदूळ किंवा मोहरी भरावी, पण आत आधी प्लॅस्टिकची पिशवी घालावी. ओल्या काठावर धान्य भिजले की पिशवी फुगते आणि दोन दिवसांत वास मारते. चिखलावर बीनबॅग थेट ठेवल्यास ती रुतते. त्यासाठी घरातली जुनी, पसरट परात आणावी, तिच्यात बीनबॅग ठेवावी आणि परात पुढे सरकवत जावे. बाजारात मिळणाऱ्या महागड्या ग्राउंड पॉडचे काम परात करते, आणि ती हरवली तरी हळहळ वाटत नाही.

कपडे मातकट किंवा मळकट हिरवे असावेत. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि कोपर-गुडघ्यांसाठी जाड पट्टे आवश्यक आहेत. याचे कारण शिंगाडा आहे. विदर्भातल्या अनेक तलावांत शिंगाड्याचे पीक घेतले जाते आणि पाणी ओसरल्यावर काठच्या गाळात जुनी, काळी पडलेली फळे राहतात. त्यांची दोन्ही शिंगे वाळून सुईसारखी कडक झालेली असतात. गाळाच्या रंगात ती दिसत नाहीत. कोपर टेकवल्यावरच कळतात.

रात्रीच बॅटरी चार्ज करावी, कार्ड रिकामे करावे, फाइल प्रकार रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ठेवावा आणि कॅमेऱ्याचा बीप आवाज बंद करावा. मिररलेस कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटरमुळे पूर्ण शांतता मिळते. मात्र साध्या सेन्सरवर पंख फडफडवणारे बदक त्या शटरने टिपले तर पंख वाकडे येतात. तेव्हा पोहणाऱ्या बदकासाठी इलेक्ट्रॉनिक आणि फडफडीसाठी मेकॅनिकल शटर वापरावे.

## टप्पा ३: काठ, ऊन आणि वारा

या टप्प्याला आदल्या संध्याकाळचा अर्धा तास द्यावा; सर्वाधिक फोटो येथेच बिघडतात.

पहिली गोष्ट उन्हाची. हिवाळ्यात नागपूरला सूर्य पूर्वेला न उगवता आग्नेयेकडे कललेला उगवतो. त्यामुळे सकाळी तलावाच्या पूर्व किंवा आग्नेय काठावर बसून पश्चिमेकडे पाहावे. अंबाझरीची पाळ तलावाच्या पूर्वेला असल्यामुळे सकाळी पाळीकडून पाहताना ऊन आपोआप पाठीशी येते; संध्याकाळी त्याच जागेवरून फक्त काळ्या आकृत्या मिळतात. जानेवारीत सूर्योदय पावणेसात ते सातच्या दरम्यान होतो आणि पहिला दीड-दोन तासांचा उजेडच खरा कामाचा असतो.

तपासणी: ऊन आल्यावर आपली सावली कोणाकडे पडते ते पाहावे. ती बदकांच्या दिशेने पडत असेल तर जागा योग्य आहे. सावली डावी-उजवीकडे वळू लागली की बदकाच्या चेहऱ्याची एक बाजू काळी पडू लागते.

दुसरी गोष्ट उंचीची. पाळीवर उभे राहिल्यावर डोळा पाण्यापासून तीन मीटर वर आहे असे धरले, तर १० मीटरवरचे बदक सुमारे १७ अंशांनी वरून दिसते आणि ४० मीटरवरचे केवळ ४ अंशांनी. म्हणजे उंच पाळीवरून सर्वांत जवळच्या बदकाचा फोटो सर्वांत वाईट कोनातून येतो. पाळीवरूनच काढणे भाग असेल तर दूरचे बदक निवडावे. खाली उतरता येत असेल तर लेन्स पाण्यापासून एक वीतभर ते हातभर उंचीवर आणावी. कोन जितका कमी, तितके बदकाच्या मागचे पाणी दूर जाते आणि मऊ होते.

तिसरी गोष्ट पलीकडच्या काठाची, आणि तिच्याकडे क्वचितच कोणी पाहतो. फोटोत पाण्याचा जो रंग येतो तो पाण्याचा नसतो. तो पलीकडच्या काठाच्या किंवा आकाशाच्या प्रतिबिंबाचा असतो. समोर बाभळींची दाट रांग असेल तर पाणी गडद हिरवे येते, उन्हात उजळलेले वाळके गवत असेल तर सोनेरी, आणि समोर मोकळे असेल तर फिकट निळे किंवा पांढरट. पांढऱ्या छातीच्या तलवार बदकासाठी गडद पाणी शोभते. तपकिरी मादी मात्र गडद पाण्यात विरघळून जाते, तिला सोनेरी पार्श्वभूमी द्यावी. हे सर्व फोनच्या कॅमेऱ्यात, काठावर बसूनच, आदल्या दिवशी पाहता येते.

चौथी गोष्ट वाऱ्याची. पाण्यावरची बदके वाऱ्याकडे तोंड करून राहतात, उतरतात वाऱ्याविरुद्ध आणि उडतातही वाऱ्याविरुद्ध. हिवाळ्यात येथे वारा बहुधा उत्तरेकडून किंवा ईशान्येकडून असतो, त्यामुळे पूर्व काठावरून पाहताना बदकांची डोकी आपल्या उजवीकडे असण्याची शक्यता अधिक. वारा पश्चिमेचा असेल तर पूर्व काठावर बसून फक्त शेपट्या मिळतील. त्या दिवशी उत्तर किंवा दक्षिण काठाचा एखादा कोपरा पाहावा.

इशारा: ओसरलेल्या तलावाच्या काठची काळी माती वरून वाळलेली आणि खाली दलदल असते. आधी काठी खुपसून पाहावी. एकट्याने पाण्याच्या कडेपर्यंत उतरू नये. हिवाळी सकाळी घोणससारखे साप गवताच्या कडेला उन्हाला येतात, म्हणून आडवे होण्यापूर्वी जागा टॉर्चने नीट पाहावी.

## टप्पा ४: अंधारात जाऊन बसणे

बदकांकडे चालत जाऊन जवळून फोटो मिळत नाही. बसलेल्या माणसाकडे बदके येतात तेव्हा मिळतो. त्यामुळे सूर्योदयाच्या किमान ४० मिनिटे आधी जागेवर पोहोचावे. अनेक बदके रात्री शेतांत किंवा उथळ पाण्यात चरतात आणि पहाटे तलावाच्या मध्याकडे परततात. ती परतण्यापूर्वी आपण आडवे झालेले असलो, तर ती आपल्याला काठाचाच भाग समजतात.

आडोशासाठी बेशरमीची झुडपे उत्तम. जवळपास प्रत्येक तलावाच्या काठी ती असतातच. झुडपाच्या पुढे न बसता आत किंवा लगेच मागे बसावे, आणि लेन्ससमोरच्या एक-दोन काड्या बाजूला वाकवाव्यात. तोडू नयेत, कारण तिचा पांढरा चीक विषारी असतो आणि तो बोटांवरून डोळ्यांत जातो. झुडूप नसेल तर मातकट जाळी अंगावर घ्यावी. आकाशाच्या पार्श्वभूमीवर आपल्या डोक्याची कड दिसणार नाही, इतके पुरेसे आहे.

उबदार गाडीतून किंवा घरातून आणलेली लेन्स थंड हवेत लगेच वापरल्यास हूडमधली हवा थरथरते आणि फोटो मऊ येतात. लेन्स पिशवीतून काढून पंधरा-वीस मिनिटे थंड होऊ द्यावी. गाडीच्या खिडकीतून फोटो काढत असाल तर इंजिन बंद असावे आणि लेन्स तापलेल्या बॉनेटवरून रोखलेली नसावी. साडेनऊ-दहानंतर काठची जमीन तापते, दूरच्या फोटोंत लहरी दिसू लागतात आणि त्यावर कोणत्याही संगणकीय उपायाने तीक्ष्णता परत आणता येत नाही.

ढिवरांचे (मासेमारांचे) डोंगे पाण्यात असतील तर त्यांची नेहमीची वाट समजून घ्यावी. त्यांना बदके रोज पाहतात आणि फार तर थोडी बाजूला सरकतात. त्या सरकण्याच्या वाटेवर आपली जागा असेल तर काम सोपे होते. डोंगा थव्यात घालायला सांगणे, त्यासाठी पैसे देणे, खडा मारणे किंवा दाणे टाकणे हे सर्व वर्ज्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला हाकणे आणि आमिष दाखवणे या कृतीही येतात.

तपासणी: बदके निवांत आहेत का? चरणे थांबले, माना सरळ उंच झाल्या, सर्वांची तोंडे एका दिशेला वळली आणि थवा एकत्र होत हळूहळू दूर सरकू लागला, तर तो उडण्याआधीचा इशारा असतो. अशा वेळी हालचाल पूर्ण थांबवावी, कॅमेऱ्यावरून हातही काढू नये. माना पुन्हा खाली गेल्यावरच पुढचे काम करावे.

## टप्पा ५: उजेडाची मोजणी

पाण्यावर ऑटो एक्स्पोजर फसते आणि त्याचे कारण समजून घेतल्यास उपाय आपोआप सुचतो. बदक पोहत असताना त्याच्यावर पडणारे ऊन तेच राहते, पण त्याच्या मागचे पाणी क्षणात बाभळींच्या सावलीमुळे काळे आणि क्षणात आकाशामुळे पांढरे होते. कॅमेरा मागच्या पाण्याकडे पाहून निर्णय घेतो. काळ्या पाण्यावर तो फोटो उजळवतो आणि बदकाची छाती जाळतो. पांढऱ्या पाण्यावर तो फोटो गडद करतो आणि बदक कोळसा होते.

म्हणून ऊन स्थिर असेल तेव्हा मॅन्युअल मोड (सर्व मूल्ये स्वतः ठरवण्याची पद्धत) वापरावा आणि पुढील क्रम पाळावा.

१. अॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार) एफ ५.६ ते एफ ८ च्या दरम्यान ठेवावे.

२. शटर स्पीड ठरवावा: शांत पोहणाऱ्या बदकासाठी १/८००, चरणाऱ्या व मान हलवणाऱ्यासाठी १/१२५०, पंख फडफडवणाऱ्यासाठी १/२०००, उडणाऱ्यासाठी १/२५०० किंवा अधिक.

३. तलावावरच्या सर्वांत पांढऱ्या पक्ष्यावर एक चाचणी फोटो घ्यावा. तलवार बदकाची मान किंवा थापट्याची छाती नसेल तर बगळाही चालतो.

४. हायलाइट इशारा (जळालेला भाग लुकलुकवून दाखवणारी सोय) चालू करून पांढरा भाग लुकलुकतो का ते पाहावे. लुकलुकणे थांबेपर्यंत आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) कमी करावा आणि मग त्याला हात लावू नये.

सूर्य वर येऊन तासभर झाल्यावर स्वच्छ हवेत एफ ६.३ आणि १/१६०० ला आयएसओ साधारण ५०० ते ८०० येतो. सूर्योदयाच्या वेळी तो २००० च्या वरही जाऊ शकतो. तेव्हा नॉईजच्या (फोटोतल्या रवाळ ठिपक्यांच्या) भीतीने शटर १/२०० वर आणण्यापेक्षा आयएसओ वाढवावा, कारण हललेला डोळा सुधारत नाही. दर दहा मिनिटांनी चाचणी फोटो पुन्हा घ्यावा. सकाळचे ऊन झपाट्याने वाढते.

ढगाळ हवेत मॅन्युअलचा हट्ट नको. ऑटो आयएसओ ठेवून, गडद पाण्यावर सुमारे −०.७ आणि आकाश झळकणाऱ्या पाण्यावर सुमारे +०.७ अशी एक्स्पोजरची भरपाई द्यावी. चिन्ह उलटे पडण्याची चूक फार होते; पांढऱ्या पाण्यासाठी अधिक, काळ्यासाठी उणे.

## टप्पा ६: फोकस

सतत फोकस करणारा मोड निवडावा. कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखण्याची सोय असेल तर ती वापरावी, पण तिच्यावर पूर्ण विसंबू नये. काळसर डोक्याच्या शेंडी बदकावर किंवा गवताच्या काड्यांमागच्या चक्रांगवर ती चुकते. तेव्हा लहान झोन (फोकसचा चौकोन) निवडून तो डोक्यावर ठेवावा. मोठा झोन समोरच्या लाटांची चमक पकडतो.

नेमकेपणाची गरज किती असते, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५०० मिलिमीटर आणि एफ ६.३ ला २० मीटरवरच्या बदकासाठी फोकसची एकूण खोली (जेवढा पट्टा स्पष्ट दिसतो तो) साधारण ६० सेंटिमीटर असते, म्हणजे जवळपास हळदी-कुंकू बदकाच्या लांबीइतकी. तेच बदक १० मीटरवर आले की ती खोली जेमतेम १५ सेंटिमीटर उरते. त्यामुळे बदक जवळ येईल तसे अॅपर्चर एफ ८ कडे न्यावे, आणि दोन बदके एका फोटोत हवी असतील तर ती कॅमेऱ्यापासून समान अंतरावर येईपर्यंत थांबावे.

तपासणी: पहिल्या दहा-बारा फोटोंतला एक १०० टक्के मोठा करून डोळा पाहावा. डोळ्याऐवजी पाठीची पिसे तीक्ष्ण असतील तर झोन लहान करावा.

## टप्पा ७: शटर कधी दाबावे

पाठीत चोच खुपसून झोपलेल्या बदकांचे शेकडो फोटो काढून कार्ड भरू नये. थोडी वाट पाहिली की पुढच्या हालचालीची सूचना मिळते.

आंघोळ ही सर्वांत भरवशाची खूण. बदक डोके पाण्यात बुडवून पाठीवर पाणी घेऊ लागले, पंख पाण्यावर आपटू लागले, की काही क्षणांत ते छाती वर करून उभे राहते आणि पंख फडफडवते. आंघोळ सुरू होताच शटर १/२००० वर न्यावे, झूम थोडा मागे घ्यावा आणि फ्रेममध्ये बदकाच्या वर त्याच्या उंचीइतकी जागा सोडावी. पंख कापले जाण्याची चूक नेमकी येथे होते. डोके कॅमेऱ्याकडे किंचित वळलेले असताना डोळ्यात उन्हाचा ठिपका येतो. त्या क्षणाचे दोन-तीन फोटो पुढच्या वीसांहून मोलाचे.

उड्डाणासाठी बदकाचा प्रकार ओळखावा. तलवार बदक, चक्रांग, थापट्या ही पृष्ठभागावर चरणारी बदके पाण्यावरून जवळजवळ सरळ वर उसळतात, म्हणून जागा वर सोडावी. लालसरी आणि शेंडी बदक ही बुडी मारणारी बदके पाण्यावर धावत जाऊन उडतात. त्यांच्यासाठी जागा पुढे, वाऱ्याच्या दिशेला सोडावी. उड्डाण त्यांनी स्वतः करावे, आपण करवू नये.

नर थापट्याचे हिरवे डोके कोनानुसार रंग बदलते. तो हिरवा रंग पिसांच्या रचनेमुळे दिसतो. डोके थोडे वळले की तेच डोके काळे किंवा जांभळट दिसते. हिरवा दिसण्याची वाट काठावरच पाहावी, घरी रंग भरून तो येत नाही.

## टप्पा ८: उठणे

काम झाले म्हणून ताडकन उभे राहू नये. थवा जवळ असेल तर तो सरकेपर्यंत थांबावे, नंतर आडवेच मागे सरकत झुडपापलीकडे जाऊन मग उठावे. त्या जागी दुसऱ्या दिवशी परत यायचे असेल तर हा नियम टाळून चालत नाही.

## टप्पा ९: फोटो निवडणे

संगणकावर प्रथम फक्त नापसंत फोटो काढून टाकावेत: डोळा अस्पष्ट, डोके पलीकडे वळलेले, पंख कापलेला, पापणी मिटलेली. डोळ्यावर पांढुरकी झापड असलेले फोटो लहान आकारात चांगले दिसतात आणि मोठे केल्यावर निरुपयोगी ठरतात, म्हणून निवड १०० टक्के आकारातच करावी. एका मालिकेतून एकच फोटो ठेवणे अवघड जाते, पण सुधारण्याचे कष्ट एकावरच घ्यावेत.

## टप्पा १०: फोटो सुधारणे

फोटो सुधारण्याचे सॉफ्टवेअर लाइटरूम असो वा मोफत मिळणारे डार्कटेबल, पुढचा क्रम दोन्हीकडे चालतो. आधी तीक्ष्णता आणि शेवटी उजेड, असे केल्यास उजेड वाढवताच तीक्ष्ण झालेला नॉईज उघडा पडतो.

सरळ करणे. पाण्यावरचे फोटो तिरके येतात आणि क्षितिज दिसत नसल्याने ते लक्षात येत नाही. अनेक जण पलीकडच्या काठाची रेषा आडवी करतात. पण काठ आपल्यापासून तिरका दूर जात असेल तर ती रेषा मुळातच तिरकी दिसते. लाटांच्या रेषाही फसव्या असतात. खात्रीची खूण प्रतिबिंबात आहे. बदकाचा डोळा आणि प्रतिबिंबातला तोच डोळा एका उभ्या रेषेत असायला हवेत. पाणी हलते असेल तर चोचीचे टोक आणि त्याचे प्रतिबिंब घ्यावे. क्रॉपच्या चौकटीची उभी कड त्या दोन बिंदूंवर आणून फोटो तेवढाच फिरवावा.

क्रॉप. बदक ज्या दिशेला पाहते तिकडे अधिक जागा ठेवावी. प्रतिबिंब पूर्ण ठेवावे किंवा स्पष्टपणे कापावे. प्रतिबिंबातले डोके अर्धे तोडू नये. २४ मेगापिक्सेलचा फोटो रुंदी-उंचीत निम्मा कापला की फक्त ६ मेगापिक्सेल उरतात. ३०० डीपीआयवर ए-४ छपाईसाठी सुमारे ८.७ मेगापिक्सेल लागतात, तेव्हा छपाई करायची असेल तर हात आखडता घ्यावा.

रंगाचा समतोल. पांढऱ्या पिसांवर ड्रॉपर (रंग तटस्थ करण्याचे साधन) टाकून रंग पूर्ण तटस्थ करण्याची सवय सकाळच्या फोटोंना मारक आहे, कारण त्याने कोवळे ऊन धुऊन निघते. ड्रॉपरने आलेल्या मूल्यापासून थोडे उबदार बाजूला यावे. सावलीतल्या बदकावर आकाशाचा निळा झाक असतो, तेथे मात्र ड्रॉपर उपयोगी पडतो.

उजेड. आधी हायलाइट (उजळ भाग) खाली आणून पांढऱ्या पिसांतल्या रेघा दिसतात का ते पाहावे. मग शॅडो (गडद भाग) थोडे उघडावेत, पण डोक्यातला काळा राखाडी होऊ देऊ नये. त्यानंतर फक्त डोळ्यावर लहान मास्क (बदल तेवढ्याच भागाला लागू करणारी निवड) घालून तो किंचित उजळवावा. डोळा दिव्यासारखा चमकू लागला की मास्क अर्धा करावा.

तपासणी: बदक आणि प्रतिबिंब यांची तुलना करावी. प्रतिबिंब बदकाहून गडदच असते. मास्क लावताना पाणी उजळून प्रतिबिंब बदकाहून तेजस्वी झाले असेल, तर फोटो खोटा वाटतो आणि पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही. बदकाचा रंग बदलला असेल तर प्रतिबिंबाचाही तितकाच बदलावा.

नॉईज. गुळगुळीत पाण्यावर नॉईज सर्वांत आधी दिसतो. पाण्याला जास्त आणि बदकाला कमी, अशी दोन मास्कनी सफाई करावी. एआयवर चालणाऱ्या सफाईला पूर्ण मोकळीक देऊ नये: तलवार बदकाच्या आणि चक्रांगच्या कुशीवर बारीक नागमोडी रेघा असतात, त्या ती पुसून टाकते किंवा स्वतःच्या मनाने नव्या काढते. सफाईआधीचा आणि नंतरचा तोच भाग शेजारी ठेवून रेघा मोजण्याइतक्या जवळून पाहाव्यात.

वस्तू काढणे. तरंगणारी प्लॅस्टिकची पिशवी, निर्माल्याची फुले किंवा जलपर्णीचे सुटे पान काढल्यास घरच्या भिंतीवरच्या फोटोला बाधा येत नाही. स्पर्धेसाठी किंवा पक्षिनोंदीसाठी पाठवायच्या फोटोत मात्र काहीही काढू नये. पक्ष्याच्या अंगावरचे काही, अगदी पिसाला लागलेला चिखलही, कोणत्याच कारणासाठी काढू नये.

तीक्ष्णता. ती शेवटी आणि फक्त बदकाला द्यावी. क्लॅरिटी आणि टेक्स्चर पाण्याला लावल्यास लाटा पत्र्यासारख्या दिसतात. पिसांच्या कडेने पांढरी रेघ उमटली की प्रमाण जास्त झाले आहे.

## टप्पा ११: फाइल बाहेर काढणे

मोबाइल आणि संकेतस्थळांसाठी एसआरजीबी रंगपद्धती, लांब बाजू २०४८ पिक्सेल आणि जेपीईजी दर्जा ८० ते ८५ पुरेसा आहे. छपाईची फाइल वेगळी, पूर्ण आकारात ठेवावी. व्हॉट्सअॅपवर पाठवायची असल्यास ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, अन्यथा ती पुन्हा दाबली जाते आणि पाण्यावर चौकोनी ठोकळे दिसतात. पावसाळ्यात हळदी-कुंकू किंवा नकटा यांच्या घरट्याचे किंवा पिलांचे फोटो काढले असतील तर बाहेर काढतानाच फाइलमधली जीपीएस माहिती काढून टाकावी आणि तलावाचे नाव लिहू नये. मूळ रॉ फाइल, तारीख आणि बदकाचे नाव एका फोल्डरमध्ये ठेवून त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. कार्ड त्यानंतरच फॉरमॅट करावे, तेही संगणकात न करता कॅमेऱ्यातच.